फोटोत न आलेली खोली

आमच्या घरात टोपण फेकायला बंदी होती. टूथपेस्टचं असो, पेनाचं असो, नाहीतर डोळ्यांत घालायच्या औषधाचं. मी केराच्या डब्यात टाकलं रे टाकलं की आमचे हे मागून येणार, ते उचलणार, नळाखाली धुणार, शर्टाला पुसणार आणि वर मलाच विचारणार, "टाकलंस व्हय हे? चांगलं हाय की!" चांगलं म्हणजे आकारानं चांगलं. लग्न झाल्यापासून पस्तीस वर्षं मी हेच ऐकत आले. अख्ख्या कोल्हापुरात आमच्याइतके श्रीखंडाचे डबे दुसऱ्या कुणाच्या घरात नसतील, आणि एकाही डब्यात जेवणातली वस्तू नव्हती.

हे सरकारी ऑफिसात नकाशे काढायचे. कालव्याचे, पुलांचे, ऑफिसच्या इमारतींचे. अक्षर छापल्यासारखं. त्याच अक्षरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या: 'गोल, पांढरे', 'धातू, बारीक', 'काच', 'तार', आणि एका डब्यावर नुसतंच 'बघू'. आत मोडक्या घड्याळांची चाकं, छत्रीच्या काड्या, माझ्या फुटलेल्या बांगड्या, पेनातल्या स्प्रिंगा, मेलेल्या मोबाईलची काच. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सनं टाकलेली इंजेक्शनच्या बाटल्यांची टोपणंसुद्धा त्यात होती. मी तिथं कण्हत पडलेली आणि हा माणूस कॉटखाली वाकून टोपणं गोळा करतोय! घरी आल्यावर मी चांगली भांडले. म्हटलं, "बायको मरायला टेकलीती आणि तुम्ही कचरा वेचत होता." तर म्हणाले, "तुझ्यापुढं रडत बसलो असतो तर तू आणि घाबरली असतीस. मग हातांनी करायचं काय?"

ह्या सगळ्या सामानाला वर्षातनं एकदा काम निघायचं, गौरीला. आमच्याकडं गौर उभी राहिली की तिच्यापुढं हे छोटी आरास मांडायचे. पुठ्ठ्याचा डोंगर आणि कापसाचा धबधबा, असली नाही. ह्यांची आरास आजच्या काळातली. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, एटीएम. एका वर्षी तर ब्युटी पार्लर केलं होतं, त्यातली खुर्ची गोल फिरायची. आणि सगळं मापात, खऱ्या एका फुटाला इथं एक इंच. हळदीकुंकवाला आलेल्या बायका गौरीला हात जोडायचं विसरून पार्लरकडंच बघत बसायच्या.

ह्या कामात ह्यांना एकच जोडीदार चालायची, आमची मुलगी. एकुलती एक. पाच वर्षांची होती तेव्हापासून ती ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि श्वास रोखून चिमट्यात चाक धरायची. मला दोघंही हात लावू द्यायचे नाहीत. "आईची बोटं लई जाड हाईत," असं ती टीचभर पोर म्हणायची आणि हे खो खो हसायचे. मला राग यायचा, पण खोटा.

सहा वर्षांपूर्वी त्या पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मुलगा तिच्या कॉलेजातला, बौद्ध घरातला, बँकेत नोकरीला. बोलायला मऊ, वागायला सरळ. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती आणि ते ह्यांनाही कळत होतं. हे ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि ओरडण्यात माझ्यापुढं ह्यांचं कधी टिकलेलं नाही. पण हे ओरडले नाहीत. कॉटवर बसून फरशीकडं बघत म्हणाले, "तिच्या घराची पायरी मी चढणार न्हाय. ह्या घरातनं कुणीच चढायची न्हाय."

मी म्हटलं, "ऑफिसात सगळ्यांच्या डब्यातलं खाताय, तेव्हा कुणाला जात विचारली न्हाईसा. आणि स्वतःच्या पोरीची वेळ आली तर आठवली व्हय?" हे उठून गॅलरीत गेले. मी लई शूर असल्यासारखं हे लिहितेय, पण रजिस्टर लग्नाला मीसुद्धा गेले नाही. घरात बसून रडले, बास. मुलीनं नंतर ह्यांना दोनदा फोन केला. ह्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिनं केला नाही. ती तरी मुलगी कुणाची!

त्या वर्षी गौरीपुढं आरास झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. चिठ्ठ्या लावलेले डबे माळ्यावर गेले.

मुलगी आणि जावई पेठ वडगावला राहतात. माझी थोरली बहीणही वडगावातच आहे. विधवा, मूलबाळ नाही, एकटी असते. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच मी 'ताईकडं जाऊन येते' म्हणून एसटीत बसले, आणि ताईनंच माझा हात धरून मला लेकीच्या दारात नेऊन उभं केलं. दार उघडल्यावर आम्ही दोघी किती वेळ रडलो कुणास ठाऊक. ताईच शेवटी वैतागून म्हणाली, "आता आत घ्या की एकमेकींस्नी, शेजारी बघायल्यात."

मग ते अंगवळणीच पडलं. महिन्यातनं एक-दोनदा मी ताईकडं जायचे. ताईकडं अर्धा तास आणि उरलेला दिवस लेकीकडं. त्यांच्या हॉलमध्ये लिंबाच्या रंगाचा सोफा आहे, त्यावर मी पाय वर घेऊन बसायचे. जावई स्वतः चहा करून आणायचा. नात झाली तेव्हा दवाखान्यात मी होते, आणि ह्यांना सांगितलं होतं की ताईचा पाय मुरगळलाय. लेक विचारायची, "पप्पा माझं काय काढतात का गं?" मी म्हणायचे, "न्हाय." तेव्हा ते खरंही होतं.

संध्याकाळी घरी आले की हे विचारायचे, "सगळी बरी हाईत नव्हं तिकडं?" मी पिशवी ठेवत म्हणायचे, "बरी हाईत." ताई तर एकटी राहते. मग 'सगळी' म्हणजे कोण? हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मी स्वतःला लई हुशार समजत होते.

हे निवृत्त झाले आणि पहिली दोन वर्षं नुसते बसून काढली. मग एक दिवस म्हणाले, "तुझा फोन दे बघू जरा. लोकांची स्टेटस बघतो." मला वाटलं, बरं झालं, मन रमेल. पण हे लोकांची स्टेटस बघतच नव्हते. एकाच फोटोवर बोट दाबून धरून बसायचे. बोट दाबून धरलं की फोटो पुढं पळत नाही, हे ह्यांना कुणी शिकवलं देव जाणे. दुसऱ्या हातानं जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी काढायचे. मी जवळ गेले की बोट उचलायचे आणि फोटो निघून जायचा. मग माळ्यावरचे डबे खाली आले. जुना ड्रॉइंग बोर्ड गॅलरीत आडवा पडला.

एक दिवस विचारतात, "पिवळं कापड हाय का गं एखादं?" मी ब्लाऊजपीस काढून दिला. "हा न्हाय. हा हळदीचा. लिंबाचा पायजे." सगळं कपाट उपसून मी लिंबाच्या रंगाचा तुकडा शोधून दिला आणि वर चार शब्दही ऐकवले. दोन दिवसांनी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर बोर्डावर सोफा. आत काडेपेट्या, वरून ते कापड, आणि एका बाजूचा कोपरा जरा बसका. तो कोपरा आमच्या नातीनं उड्या मारून मारून बसवलेला आहे. त्याच सोफ्यावर बसून आदल्या आठवड्यात मी उपमा खाल्ला होता. मी कप बोर्डाच्या कडेला ठेवला.

"कुणाचं घर करताय?" मी विचारलं.

"फ्लॅट हाय. आजकालचा," हे म्हणाले आणि चहा घेतला.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी ह्यांच्या शेजारी बसायला लागले. आता ह्यांचे हात कापायचे, त्यामुळं माझी जाड बोटं चालायला लागली होती. मी धरायचं, ह्यांनी चिकटवायचं. चार्जरच्या पांढऱ्या खोक्याचा फ्रिज झाला. मोबाईलच्या काळ्या काचेचा ओटा झाला, घड्याळाच्या चकत्यांची शेगडी. माझ्या ऑपरेशनची ती टोपणं पालथी घालून मांडणीवर ठेवली तर हुबेहूब स्टीलचे डबे. बंद पडलेल्या स्मार्ट घड्याळाचा टीव्ही भिंतीवर लागला. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी ठोकून सिंक केलं, त्याला चेनच्या टोकाचा नळ. माप कसं घेतलं, तर फोटोतल्या फरश्या मोजून. "दोन फुटी फरशी हाय ही. सोफ्यापासनं दारापर्यंत पाच. म्हंजे धा फूट," असं स्वतःशीच पुटपुटायचे. मी त्या हॉलमधनं रोज गेल्यासारखी चालले होते, पण फरशी किती फुटी हे मला आजही सांगता येणार नाही.

लेकीच्या हॉलमध्ये एका फळीवर पांढऱ्या बुद्धाची मूर्ती आहे. ह्यांनी ती खडूत कोरली. पहिली मोडली, दुसरीचं नाक गेलं. तिसरी जमली, करंगळीच्या नखाएवढी. ती फळीवर ठेवताना हे एवढे सांभाळून वाकले होते की मला बघवेना. मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच भांडी. त्याच दिवशी मला कळलं होतं की ह्यांच्या मनात आता कसलीही अढी उरलेली नाही.

मग मी लेकीला का सांगितलं नाही? हे तुम्ही विचारणारच. मी ठरवलं होतं की घर पुरं होऊ दे. गौरीला मांडू दे. मग मी म्हणेन, आता जिचं घर आहे तिला बोलवा. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. पाच-सहा वर्षं मी चोरून जात होते, एसटीत कुणी ओळखीचं दिसलं की पदर पुढं ओढत होते. ती शिक्षा मला ह्यांनी दिली होती. आता ह्यांनी तोंड उघडून म्हणावं, की माझं चुकलं. मी आपणहून का वाकायचं? एवढा राग माझ्या पोटात होता, आणि तो मला गोड लागत होता.

घरात एक मोठी चूक होती आणि ती मला पहिल्यापासून दिसत होती. लेकीच्या घरात शिरलं की स्वयंपाकघर उजव्या हाताला. ह्यांनी आखलं होतं ते डाव्या हाताला. खिडकी, फ्रिज, टीव्ही, सगळं तसंच, त्या बाजूचं ह्या बाजूला. ह्यांनी असं का केलं असेल ते मला कळत नव्हतं. सांगावं तर 'तुला कसं ठाऊक' हा प्रश्न आला. म्हणून मी गप्प होते. अजून भिंतींना गोंद लागला नव्हता. नुसत्या उभ्या केल्या होत्या.

एका दुपारी हे फोन बघत होते. बोट दाबलेलं होतं. मी जवळ गेले तरी ह्यांनी ते उचललं नाही. मला फोटो दिसू दिला. लेक आणि नात स्वयंपाकघरात, मागं फ्रिज.

"ही पोरं सारखं सामान हलवत्यात काय, कळंना," हे म्हणाले. "मागल्या फोटोत फ्रिज डाव्या अंगाला होता. आज उजव्या." मग जरा थांबून म्हणाले, "फ्रिज एखाद्या वेळंस हलंल. पण खिडकी कशी हलंल?"

ह्यांनी चष्मा काढला. काचा पुसत, माझ्याकडं न बघता विचारलं, "आत गेलं की स्वयंपाकघर कुठल्या हाताला असंल गं?"

मी गोंदाची बाटली बंद करत बसले. ह्यांनी पेन्सिलीनं मागच्या मोकळ्या चौकोनावर टकटक केलं. "आणि ही मागची खोली. हिचा एकबी फोटो न्हाय. हिच्यात काय असंल?"

त्या खोलीत काय आहे ते मला ठाऊक होतं. त्या खोलीत एक कॉट आहे, एक कपाट आहे, नातीची खेळणी आहेत. आणि कॉटच्या समोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो आहे. निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला, मोठा करून फ्रेममध्ये घातलेला. तो मीच साडीत गुंडाळून तिकडं नेला होता. लेक त्या खोलीचा फोटो कधी स्टेटसला लावायची नाही. आपला फोटो तिथं आहे हे पप्पांना कळलं तर ते चिडतील, अशी तिला भीती होती.

एक वाक्य पुरं होतं. "त्या खोलीत तुमचा फोटो हाय." एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, शपथेवर सांगते. पण त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं.

"मला काय विचारताय?" मी म्हणाले. "त्या घराची पायरी कुणी चढायची न्हाय, असं ठरलंय ना ह्या घरात?"

ह्यांनी चष्मा घातला. "व्हय," म्हणाले. "तेबी खरंच की."

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू! सहा वर्षांनी एकदाचं तोंडावर मारल्यासारखं वाटलं. सरळ विचारायचं होतं ना, 'तू जातेस का तिकडं?' मी सरळ सांगितलं असतं. फिरवून फिरवून काय विचारायचं? ताठ मानेनं मी आत गेले आणि रात्रीच्या भाजीला लसूण सोलायला घेतला.

पुढच्या दोन दिवसांत ह्यांनी भिंती चिकटवल्या. स्वयंपाकघर डावीकडंच. "डाव्या अंगाचे फोटो जास्त हाईत," एवढं म्हणाले. मागची खोली रिकामी सोडली. मी म्हटलं, "घाला की एखादी कॉट. बेडरूमच असणार." तर मान हलवली. "मोजमाप न्हाय, ते काढायचं न्हाय." उभ्या नोकरीत ह्यांनी न मोजता एक रेघ मारली नव्हती. त्यानंतर ह्यांनी माझा फोन मागितला नाही. मीही आपणहून दिला नाही. दोघंही आपापल्या जागी बसून राहिलो.

पंधरवडा गेला असेल. सकाळचे अकरा वाजले असतील. हे गॅलरीत छत्रीच्या काड्यांचा कठडा करत होते. मी भाकरी थापत होते. हाक आली नाही, स्टूल पडल्याचा आवाज आला. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. तेवढ्यावरून मला कळलं.

लेक वडगावहून चाळीस मिनिटांत पोचली. चाळीस मिनिटांचं अंतर होतं आमच्यात. ती रडली नाही. ह्यांचा हात हातात घेऊन बसली, आणि बोटांवर वाळलेला गोंद नखानं खरवडून काढत राहिली. एकेक बोट घेऊन. कशाचा गोंद हे तिला माहीत नव्हतं. जावई दाराबाहेर उभा होता, त्याला आत यावं की नाही ते कळत नव्हतं. मी त्याला हाताला धरून आत आणलं. माझ्यात तेवढं बळ त्या दिवशी आलं.

दिवस झाले, पाहुणे गेले. लेक माझ्याजवळ राहिली. नातीला घेऊन जावई वडगावला गेला होता. दुपारी मी पडले होते, आणि गॅलरीतनं तिनं हाक मारली. "आई, हे काय झाकून ठेवलंय?" मी उठून जाईपर्यंत तिनं वरचं धोतर बाजूला केलं होतं.

ती स्टुलावर बसली. फोनचा टॉर्च लावून आत बघायला लागली. आधी तिला कळलं नाही. मग सोफा दिसला असावा. "आई," ती म्हणाली, "हा माझा सोफा हाय." मग एकेक करत बोटानं दाखवत गेली, टीव्ही, शेगडी, नातीच्या उंचीच्या रेघा मारलेली दाराची चौकट. रेघासुद्धा ह्यांनी काढल्या होत्या, तीन. बुद्धाच्या मूर्तीपाशी ती थांबली. तिथं ती रडली, आल्यापासून पहिल्यांदा, अगदी लहान असताना रडायची तशी, नाक ओढत.

डोळे पुसून ती परत बघायला लागली आणि मध्येच हसली. "पण आई, हे उलटं झालंय सगळं! माझं किचन उजव्या हाताला हाय." मग तिच्याच लक्षात आलं. ती म्हणाली, "माझ्या फोनमधनं सेल्फी काढली की ती आरशातल्यासारखी उलटी येते. डाव्याचं उजवं. तुझा जावई काढतो ते फोटो तेवढे सुलट." आणि मग, "पप्पांच्या हातनं उलटा नकाशा? त्यांना शंका कशी आली न्हाय?"

मी गप्प बसू शकले असते. तिला कधीच कळलं नसतं. पण ह्या वेळी मला गप्प बसवेना.

"आलती," मी म्हणाले. "मला विचारलं त्यांनी."

"काय विचारलं?"

"स्वयंपाकघर कुठल्या हाताला हाय. आणि मागच्या खोलीत काय हाय."

"मग तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. जसं बोलले होते तसं, शब्दाला शब्द. माझी नजर तिच्याकडं नव्हती. गॅलरीच्या खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं, मी तिकडं बघत सांगितलं. हे 'तेबी खरंच की' म्हणाले, तेही सांगितलं.

तिनं मग त्या रिकाम्या खोलीत बोट घालून तिथली धूळ पुसली. चारही कोपरे पुसले.

"किती दिवस करत होते हे?"

"वर्ष झालं असंल."

"आणि वर्षभर तू माझ्या घरी येत होतीस," ती म्हणाली. "जेवत होतीस."

"गौरीला पुरं झालं की मी सांगणार होते गं. मला वाटलं, त्यांनी आधी..."

तिनं धोतर उचललं, घडी घातली, मांडीवर ठेवलं. आवाज चढवला नाही. ओरडली असती तर मी बरोबरीनं रडले असते, पाया पडले असते, काहीही केलं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "आई, मला इतकी वर्षं वाटत होतं, पप्पाच माझ्याशी बोलत न्हाईत."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिनं तो झिडकारला नाही. नुसती उठली, आत गेली आणि चहाचं पाणी ठेवलं. दोन कप चहा केला. एक आणून माझ्या हातात दिला, आणि स्वतःचा घेऊन ह्यांच्या स्टुलावर जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून.